मोहावरची ऑर्किड आणि ‘बांडगूळ हटाव’ मोहीम

पाऊस तोंडावर आला की नागपुरातल्या कॉलन्यांच्या, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या आणि नावात ‘हरित’ असलेल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. वर लाल दिव्यांची चित्रं, खाली जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा:

‘आपल्या भागातल्या आंब्या-मोहाच्या झाडांवर पट्ट्यासारख्या पानांची जी वनस्पती दिसते ती ऑर्किड नावाचं बांडगूळ आहे. ती झाडात मुळं घुसवून रस शोषते आणि दोन वर्षांत झाड वाळवते. दिसताच उपटा, नाहीतर एकीच्या दहा होतात. उपटलेली फेकू नका, घरी टांगा. ती नुसत्या हवेवर जगते, पाणी-खत काही लागत नाही, चोवीस तास ऑक्सिजन देते. बारा वर्षांनी एकदाच फुलते. तिचं मूळ म्हणजे खरी रास्ना, रोज काढा घेतला तर संधिवात मुळापासून जातो. झाडं वाचवा, पुढे पाठवा.’

हा मेसेज दोनदा सावकाश वाचला तर तो खोडायला वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. पहिल्या अर्ध्यात ही वनस्पती झाडाच्या रसावर जगते, दुसऱ्या अर्ध्यात तीच बाल्कनीच्या ग्रिलला लटकून नुसत्या हवेवर जगते. खरं बांडगूळ फांदीवरून काढून खिळ्याला टांगून बघा, थोड्याच दिवसांत त्याचं सरपण होईल. लिहिणाऱ्याला झाड वाचवायचं होतं की फुकटची ऑर्किड घरी न्यायची होती, ते त्याचं तो जाणे. पण पुढे पाठवणारी मंडळी बहुतेक वेळा झाडांवर मनापासून माया असलेली असतात, आणि उपटण्याचं काम त्यांच्याच हातून होतं. म्हणून एकेक दावा घेऊ.

आधी आरोपी कोण ते ठरवू. आपल्याकडे मोहावर, जुन्या आंब्यावर, पेंचपासून मेळघाटापर्यंतच्या जंगलात जी पट्टेदार पानांची ऑर्किड सहज दिसते ती बहुतेक वेळा व्हँडा टेसेलाटा असते. एकच खोड, ते वरच्या टोकाने वाढत जातं, फार तर दोन-अडीच फूट. पानं खोडाच्या दोन बाजूंना दोन रांगांत, जाड, चामड्यासारखी, मधोमध घडी घातल्यासारखी आणि बाहेर वाकलेली. पानाचं टोक अणकुचीदार नसतं, कोणीतरी चावून तोडल्यासारखं वाकडंतिकडं दातेरी असतं. ही खूण एकदा बघितली की विसरत नाही. फुलं दीड-दोन इंचांची, पाच-दहाच्या तुऱ्यात येतात. पाकळ्या बाहेरून पांढरट, आतून पिवळसर हिरव्या किंवा राखाडी, आणि त्यांवर तपकिरी रेघांची चौकटदार जाळी. मधला ओठ जांभळा. जवळ गेलं तर मंद वास येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवर लिहिताना हिची नोंद केली, आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउनने व्हँडा ही प्रजाती उभी केली ती हिच्यावरूनच. आज जगभरच्या नर्सऱ्यांमध्ये हजारोंनी विकल्या जाणाऱ्या व्हँडांच्या खानदानातली नमुन्याची जात आपल्या मोहावर बसलेली आहे, आणि आपण तिला कोयता लावतो आहोत.

मेसेजबरोबर येणारा फोटो मात्र हिचा नाही. त्यात गर्द निळ्या रंगाची गोल पाकळ्यांची फुलं आहेत. ती फॅलेनॉप्सिस नावाची दुसरीच ऑर्किड आहे, आणि तो निळा रंग पांढऱ्या फुलाच्या दांड्यात टोचून चढवलेला असतो. पुढच्या बहराला तेच झाड पांढरं फुलतं. फोटोबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

आता मुख्य आरोप: मुळं झाडात घुसवून रस शोषते.

शाळेत आपण सगळ्यांनी अमरवेल शिकलेली आहे. तिला शोषक मुळं असतात, ती यजमान झाडाच्या आत शिरतात आणि थेट रसवाहिन्यांना जोडली जातात. खरं बांडगूळ, म्हणजे आंब्यावर हमखास दिसणारं डेंड्रोफ्थी फाल्काटा, हेही शोषक मुळंच वापरतं, फक्त त्याचा डोळा जलवाहिन्यांवर असतो. त्याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे. जिथे ते बसतं तिथे फांदीला गाठ येते, आणि गाठीच्या पुढची फांदी हळूहळू मरते. म्हणजे बांडगुळावरचा आरोप खरा आहे. चूक आहे ती पकडलेल्या माणसात.

ऑर्किडला असं शोषक मूळच नाही. झाडात मूळ घालून रस पिणारी एकही ऑर्किड आजवर सापडलेली नाही, आणि या कुळात पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. ज्या काही थोड्या ऑर्किडना हिरवी पानं नसतात आणि ज्या खरोखर दुसऱ्याच्या जिवावर जगतात, त्या जमिनीतल्या बुरशीकडून अन्न घेतात. व्हँडाला तर भरपूर हिरवी पानं आहेत आणि तिची मुळंसुद्धा प्रकाशात अन्न तयार करतात. ती अपिवनस्पती आहे, दुसऱ्या झाडावर फक्त बसते. तिला झाडाकडून हवी असते ती जमिनीपासूनची उंची, फांद्यांमधून गाळून येणारं ऊन आणि मुळांना पकडायला खरखरीत साल.

हे पडताळायला प्रयोगशाळा नको. वाऱ्याने पडलेली, ऑर्किड असलेली एखादी फांदी मिळाली तर ती हातात घ्या. मुळं करंगळीच्या निम्म्या जाडीची, राखाडी-पांढरी, सालीवरून नागमोडी धावलेली दिसतील. सालीला टेकलेली बाजू चपटी, मोकळी बाजू गोल. एका मुळाखाली नख घालून हळूच उचला. मूळ सालीचा पापुद्रा घेऊन सुटतं, खालची साल जागच्या जागी, अखंड. भोक नाही, गाठ नाही, ओलसर जखम नाही. साल चाकूने थोडी खरवडली तर आतली हिरवी-पांढरी फांदी शेजारच्या भागासारखीच. आता तसंच बांडगूळ असलेली फांदी उभी चिरा. बांडगुळाचं लाकूड आणि आंब्याचं लाकूड एकमेकांत असं शिरलेलं असतं की ओढून बांडगूळ निघत नाही, फांदीच मोडते.

लांबूनही ओळख पटते. बांडगुळाची पानं रुंद, साधारण समोरासमोर, झुडपासारखी पसरलेली. फुलं लांब नळीसारखी, नारिंगी-लाल. ऑर्किडची पानं अरुंद पट्ट्या, दोन रांगांत, शिरा समांतर. दोन्ही हिरवी आणि दोन्ही फांदीवर, एवढ्यावरून घोटाळा होतो. आमच्या भागातल्या एक काकू म्हणाल्याच होत्या, ‘अवो, बांडगूळच तं हाय ते! आमच्या आंब्याचं सारं रगत पेलं त्यानं.’ काकूंच्या आंब्यावर दोन्ही होतं. रगत पिणारं वरच्या फांदीला होतं, आणि माळ्याने काढली ती खालची व्हँडा, कारण तिथवर शिडी पोचत होती.

(बांडगुळालाही सरसकट फाशी नको. त्याची चिकट फळं फुलटोचे खातात, फुलांवर शिंजीर येतात, आणि पांढऱ्या-पिवळ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हळदी-कुंकू फुलपाखरू आपली अंडी याच कुळातल्या बांडगुळांच्या पानांवर घालतं. आमराई बांडगुळाने भरली असेल तर छाटणी करा. एखाददुसरं असेल तर राहू द्या.)

मग ‘आमच्या डोळ्यांदेखत ऑर्किड आली आणि फांदी वाळली’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे, क्रम उलटा लावला आहे. ऑर्किडला रुजायला भेगाळलेली, जुनी, स्थिर साल लागते, आणि ती म्हाताऱ्या झाडांवर मिळते. म्हातारं झाड तसंही उतरणीला लागलेलं असतं. शिवाय फांदी वाळायला लागली की तिची पानं गळतात, ऊन आत येतं आणि आजवर पानांत दडलेली ऑर्किड एकदम नजरेत भरते, फुलतेही जोमाने. बघणाऱ्याला वाटतं हिनेच केलं. आता शहरात झाडाच्या बुंध्याकडे बघा. सिमेंटचा रस्ता खोडाला चिकटून गेलेला, फुटपाथचे गट्टू बुंध्यापर्यंत लावलेले, मुळं केबलच्या नाल्या खोदताना तोडलेली, खोडाला फ्लेक्सचे खिळे. मुळांना पाणीही नाही आणि हवाही नाही. एवढं सगळं सोडून आपण वर बसलेल्या एक वीत वनस्पतीवर खटला चालवतो, कारण ती दिसते आणि तिची बाजू मांडायला कोणी येत नाही.

एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की अपिवनस्पती झाडाला अगदी शून्य फरक पाडतात असं नाही. अतिपावसाच्या डोंगराळ जंगलांत शेवाळ, नेचे, ऑर्किड यांचे ओले थर एवढे जड होतात की फांदी मोडू शकते. आणि खोडावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यातले थोडे क्षार, जे एरवी झाडाच्या मुळाशी गेले असते, ते या वरच्यावर टिपतात. पण नागपूरसारख्या, वर्षातले सात-आठ महिने कोरड्या जाणाऱ्या मुलखात एका आंब्यावर दोन-चार व्हँडा असतात. त्यांच्या ओझ्याने फांदी मोडत असेल तर ती फांदी कावळा बसल्यावरही मोडली असती.

‘नुसत्या हवेवर जगते, पाणी-खत लागत नाही.’ या वाक्यामुळे सगळ्यात जास्त झाडं मरतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

व्हँडाच्या मुळाभोवती वेलामेन नावाचं जाड आवरण असतं. ते मृत, पोकळ पेशींच्या थरांचं असतं. कूलरची वाळ्याची ताटी जशी स्वतः निर्जीव असून पाणी धरून ठेवते, तसं ते काम करतं. कोरडं असताना पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाण्याचा थेंब पडला की काही क्षणांत ते आत ओढलं जातं, पेशी पारदर्शक होतात आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागून मूळ हिरवं होतं. स्प्रे बाटलीने एक फवारा मारून हे बघता येतं, आणि लहान मुलांना दाखवायला याहून सोपी जादू नाही. वेलामेनच्या आत आणखी एक राखणदार थर असतो, त्यातल्या मोजक्याच पेशी पाणी आत घेतात. त्यामुळे आत गेलेलं पाणी सहजासहजी परत उडून जात नाही.

यात हवेतली वाफ पिऊन जगणं कुठेच नाही. पाऊस, दव, खोडावरून ओघळणारं पाणी, हे तिचं पाणी. खत कुठून? पावसाची पहिली सर पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेल्या पाल्याचा अर्क धुऊन खाली आणते. त्या पहिल्या पाण्यात क्षार सगळ्यात जास्त असतात, आणि कोरडं वेलामेन नेमकं तेच पहिलं पाणी गच्च धरून ठेवतं. शिवाय मुळांच्या जाळ्यात पाचोळा अडकतो, मुंग्या तिथे माती-कचरा आणतात. बाल्कनीच्या ग्रिलवर यातलं काहीही नसतं. तिथे ती उपाशी मरते, फक्त सावकाश. जाड पानांत साठलेल्या पाण्यावर ती काही महिने तग धरते, आणि तेवढ्यात मालकाने ‘बघा, हवेवर जगते’ असा फोटो ग्रुपवर टाकलेला असतो. पुढच्या मे महिन्यातला फोटो कोणी टाकत नाही.

पण मग जंगलात ती आपला उन्हाळा कशी काढते? २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. (२०२४ च्या मे अखेरीस फिरलेला ५६ अंशांचा आकडा सोडून द्या, तो बिघडलेल्या सेन्सरचा होता, हवामान खात्याने तसं सांगितलंही, पण तोही आपण सगळ्यांनी पुढे पाठवलाच.) अशा उन्हात बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवा घेतात आणि त्या बदल्यात पाणी गमावतात. व्हँडा हे काम रात्री करते. गारव्यात पर्णरंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींत साठवते. दिवस उजाडला की दारं बंद. मग तेच आम्ल मोडून, आतल्या आत मिळालेल्या कार्बन डायऑक्साइडपासून, उन्हाच्या जोरावर साखर बनवते. निवडुंग, अननस, कोरफड यांचीही हीच रीत. या गोष्टीचा एक जुना सुगावा भारतातच लागला होता: वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी पानफुटीचं पान चावून पाहिलं तेव्हा ते सकाळी आंबट लागलं आणि दुपारपर्यंत बेचव झालं. त्यांचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. पानफुटी आपल्याकडे बहुतेक अंगणांत असते. उद्या सकाळी आणि मग दुपारी एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायला हरकत नाही.

म्हणजे पाणी वाचवण्याची कला तिच्यात आहे, पाण्याशिवाय जगण्याची नाही. ज्यांनी नर्सरीतून व्हँडा आणली आहे त्यांनी उन्हाळ्यात सकाळी मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवावीत आणि मग निथळू द्यावीत. कूलरच्या थेट झोताखाली टांगू नये, पश्चिमेच्या उन्हात तर मुळीच नाही. बोअरचं जड पाणी सतत दिलं की मुळांवर पांढरा थर बसतो, त्यापेक्षा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. खत द्यायचं तर अगदी पातळ करून. आणि कृपा करून कुंडीत काळी माती भरून त्यात लावू नका. ओली काळी माती मुळांची हवा बंद करते, आणि वेलामेन सतत चिंब राहिलं की मुळं कुजतात.

याच रात्रीच्या कारभारातून पुढचा दावा निघाला आहे: चोवीस तास ऑक्सिजन. कोणीतरी अर्धवट वाचलं की ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि उरलेलं मनाने जोडलं. ऑक्सिजन येतो तो पाण्याचा रेणू फुटून, आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री व्हँडा इतर सजीवांसारखी ऑक्सिजन वापरते, सोडत नाही. दिवसा सोडते, पण किती? स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. दिवसाचे झाले ३६० लिटर, वजनात पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. प्रकाशसंश्लेषणात जेवढ्या वजनाची साखर तयार होते, साधारण तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणजे एका माणसाची गरज भागवायला तुमच्या टांगलेल्या ऑर्किडांनी मिळून रोज जवळपास साडेचारशे ग्रॅम साखर बनवायला हवी. व्हँडा वर्षाकाठी मोजकी काही पानं काढते. किती ऑर्किड लागतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा आणि मग बाल्कनी मोजावी.

यावर कोणी घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं सांगत नासाच्या प्रयोगाचं नाव घेतं. १९८९ चा तो प्रयोग ऑक्सिजनचा नव्हताच. बंद पेटीत ठेवलेल्या कुंड्या बेंझिनसारखी रसायनं किती कमी करतात, एवढंच त्यात पाहिलं होतं. आपल्या घराची खिडकी उघडी असते.

बारा वर्षांनी एकदा फुलण्याची गोष्ट नीलकुरिंजीची आहे. दक्षिणेच्या डोंगरांतलं ते झुडूप, तिथून ती कथा उचलून इथे चिकटवली आहे. व्हँडा टेसेलाटा दरवर्षी फुलते, आपल्याकडे उन्हाळ्यात ते पावसाच्या सुरुवातीपर्यंत.

रास्नेचा मुद्दा जरा जपून मांडायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. बंगालकडे व्हँडाची मुळं रास्ना म्हणून वापरली जातात, हे खरं. दक्षिणेत रास्ना म्हणून कुलिंजनाच्या वर्गातलं कंद घेतलं जातं. आणि भारताच्या अधिकृत आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटाची वाळलेली पानं, जी सूर्यफुलाच्या कुळातली, जमिनीवर वाढणारी वनस्पती आहे. एकच नाव, तीन वेगळ्या वनस्पती, तिन्ही वेगळ्या कुळांतल्या. त्यामुळे ‘हीच खरी रास्ना’ हे वाक्य मेसेजमध्ये लिहिणाऱ्याने ते कशाच्या आधारावर लिहिलं ते त्यालाच विचारा. व्हँडाच्या अर्कावर प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालेलं आहे आणि सूज कमी झाल्याच्या नोंदी आहेत. तिथून ‘रोज काढा प्या, संधिवात मुळापासून जातो’ पर्यंत फार मोठी उडी आहे. माणसाला किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर काय होतं, हे मेसेज सांगत नाही. आणि संधिवात म्हणजे एक आजार नव्हे. वयाने झिजलेला गुडघा वेगळा आणि बोटांचे सांधे वाकडे करणारा आमवात वेगळा. दुसऱ्यात औषध सुरू करायला उशीर झाला तर सांध्याचं झालेलं नुकसान भरून येत नाही. काढा पीत काढलेले ते महिने महाग पडतात. महारास्नादी काढा घ्यायचाच असेल तर वैद्यांना दाखवून, बाटलीतला घ्या. त्यासाठी कोणाच्या मोहावर चढू नका.

राहिलं ‘एकीच्या दहा होतात’. तसं झालं असतं तर काय हवं होतं!

फूल परागित झालं की बोटभर लांबीचं, कंगोऱ्यांचं हिरवं बोंड धरतं. ते पिकायला महिने लागतात. वाळून उभं चिरलं की आतून जे उडतं ते बियाण्यापेक्षा टाल्कम पावडरसारखं दिसतं. एका बोंडात हजारोंनी बिया असतात. पण त्या बीत शिदोरी नसते. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पहिले दिवस पुरेल एवढं अन्न असतं, इथे अन्नसाठाच नाही, नुसता काही पेशींचा गोळा आणि भोवती जाळीदार टरफल. ते बी योग्य सालीच्या योग्य भेगेत पडलं, तिथे ओल असली आणि त्याच भेगेत ठरावीक बुरशी आधीपासून राहत असली, तरच काम होतं. बुरशीचे धागे बीत शिरतात आणि बी त्या धाग्यांतूनच अन्न मिळवतं. हे कोडं फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये उलगडलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय, बाटलीत बी रुजवून दाखवलं. आज दुकानात मिळणाऱ्या ऑर्किड त्यामुळेच बाटलीतून येतात. झाडावर मात्र जुनाच नियम चालतो. हजारोंतली एखादी बी रुजते, मग बोटभर व्हायला वर्षं जातात आणि फुलायला आणखी वर्षं. तुम्ही उपटलेली फूटभर व्हँडा तिथे पुन्हा यायची तर ती तुमच्या मुलाच्या शाळेच्या नाही, कॉलेजच्या वयात येईल. आलीच तर.

मेसेजमुळे आणखी एक धंदा सुरू झाला आहे. पावसाच्या सुरुवातीला रस्त्याच्या कडेला पोत्यावर मुळांसकट व्हँडांचे जुडगे विकायला दिसतात, ‘हवेवर जगणारं झाड’ म्हणून. मुळं तुटलेली असतात, आणि व्हँडाची तुटलेली मुळं पुन्हा सालीला चिकटत नाहीत, नवी फुटेपर्यंत थांबावं लागतं. बहुतेक झाडं तोवर तग धरत नाहीत. शिवाय ही जंगलातून आणलेली असतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाच्या व्याख्येत झाडांखेरीजच्या वनस्पती आणि त्यांचे भागही येतात. राखीव जंगलातून त्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो. देशाबाहेरचा व्यापार म्हणाल तर सगळं ऑर्किड कूळ साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहे. विकणारा बहुतेक वेळा पोटासाठी विकतो, त्याच्यावर ओरडून फार काही साधत नाही. विकत घेणारे आपण असतो.

आता ज्यांना खरंच काही करायचं आहे त्यांच्यासाठी. जूनच्या वादळात फांद्या पडतात, महावितरणच्या तारांसाठी छाटल्याही जातात. त्यांत ऑर्किड असलेली फांदी दिसली तर ती कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. वनस्पती ओढून सोडवू नका, फांदीचा तेवढा तुकडाच करवतीने कापून घ्या. जवळच्या खरखरीत सालीच्या झाडावर, आंबा, मोह, कडुनिंब यांपैकी कशावरही, तो तुकडा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला, फांदी खोडाला फुटते त्या बेचक्याजवळ बांधा. पेरू किंवा अर्जुन नको, त्यांची साल सुटून पडते आणि ऑर्किडही तिच्याबरोबर खाली येते. बांधायला सुतळी घ्या. तार सालीत रुतते, प्लॅस्टिकची दोरी वर्षानुवर्षं तशीच राहते. वर माती, शेण, नारळाचा काथ्या थापू नका. पाऊस असेल तोवर पाणी घालायची गरज नाही. उघडीप लांबली तर सकाळी एक फवारा पुरे. काही आठवड्यांत मुळांच्या टोकांना चकचकीत हिरवा कोंब दिसला की ती नव्या सालीकडे निघाली असं समजा. सुतळी दोन पावसाळ्यांत कुजून आपोआप गळते, ती सोडवायला वर चढू नका.